जाऊबाईंची खातरजमा

माझ्या मोठ्या जाऊबाई कोणावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. आधी त्या विमा कंपनीत होत्या. आग लागली, माल भिजला, गाडी ठोकली असं सांगत लोक यायचे आणि खरंच लागली का, खरंच भिजला का, हे बघायला कंपनी यांना पाठवायची. तिथून त्या निवृत्त झाल्या तेव्हा घरात सगळ्यांनी धसका घेतला. ज्या स्वभावावर आयुष्यभर पोट भरलं, तो ऑफिसच्या कपाटात ठेवून घरी थोडाच येता येतो? मग घरातच तपासण्या सुरू झाल्या. दूधवाल्याचं माप, माझ्या मुलीची शाळेच्या दिवशीची पोटदुखी, मोठ्या दिरांचं "जरा पाय मोकळे करून येतो", काही म्हणता काही सुटलं नाही. मोठे दीर म्हणजे गरीब गाय. ते खरोखर पाय मोकळे करायलाच जायचे, तरी परत येताना चेहरा मात्र चोरासारखा असायचा.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि भाजी चिरता चिरता विचारलं, तुला हे आमचे भावजी खरंच आवडले, की घरच्यांनी मागे लागून गळ्यात मारले? मी म्हटलं, आवडला. त्यांनी सुरी खाली ठेवून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की माझी मलाच शंका यायला लागली.

त्यांना निवृत्तीनंतरचं काम मिळवून दिलं ते माझ्या नवऱ्याने. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा हे कोणी त्याच्याकडून शिकावं. कॉम्प्युटरला काम सांगायच्या ज्या भाषा असतात, त्यांतली एक फारशी कोणाला माहीत नसलेली भाषा आहे. काही हट्टी लोकांनी मिळून ती बनवली आणि माझा नवरा त्या हट्टी लोकांतलाच एक. भाषा चांगली आहे असं सगळे म्हणतात, पण गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ही खऱ्या कामाला कुठे लावलीय का, की नुसती हौसेपुरती? म्हणून त्या मंडळींनी इंटरनेटवर एक पान काढलं होतं. ज्यांच्याकडे ही भाषा रोजच्या धंद्यात वापरात आहे त्यांनी तिथे आपली हकीकत लिहावी. लोकांनी काय वाटेल ते लिहिलं. एका मोठ्या गोदामाने लिहिलं की आमचा सगळा कारभार हिच्यावर चालतो. चौकशी केली तेव्हा कळलं, कर्मचाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणारा एक इवलासा प्रोग्रॅम सोडला तर त्या भाषेतलं तिथे काही नव्हतं. तेव्हा माझा नवरा म्हणाला, यावर आमच्या वहिनींसारखं माणूस बसवा.

बसवलं. जाऊबाईंना प्रोग्रॅममधली एक ओळ लिहिता येत नाही, आणि त्यांच्या मते ते उत्तमच आहे, कारण कोणी त्यांना त्यातल्या गमतीजमती दाखवून भुलवू शकत नाही. त्यांचे नियम विमा कंपनीतलेच. ज्याची तपासणी त्याच्या गाडीत बसायचं नाही. त्याचा चहा प्यायचा नाही. साहेबाचं बोलणं ऐकून घ्यायचं पण लिहून घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, तिथे त्या प्रोग्रॅमच्या नावाने बोटं मोडणारं कोण आहे ते शोधायचं. त्या म्हणतात, जी गोष्ट माणूस रोज वापरतो तिच्याबद्दल त्याची काहीतरी कुरकुर असतेच, नवऱ्याबद्दल असते तशी. नुसतं कौतुक ऐकू आलं की समजावं, वस्तू अजून खोक्यात आहे.

एका छापखान्यात मालक शपथेवर सांगत होता की आम्ही ही भाषा वापरतच नाही. त्याला कोणीतरी भीती घातली होती की कबूल केलं तर काहीतरी भानगड मागे लागेल. तिथली कागद कापणारी बाई मात्र आपणहून तक्रार करायला लागली की तो मेला नवीन प्रोग्रॅम दर वेळी तोच प्रश्न दोनदा विचारतो. जाऊबाईंनी तिथल्या तिथे खूण केली: वापरात आहे.

हे सगळं लांबचं होतं तोवर मी मजेत ऐकत होते. मग नवऱ्याने स्वतःची हकीकत त्या पानासाठी पाठवली.

त्याने कायमची नोकरी सोडून या भाषेत एकच मोठं काम केलं होतं. शहराबाहेर औषधांचं कोल्ड स्टोरेज आहे. मोठमोठ्या थंड खोल्या, प्रत्येक खोलीला एक कॉम्प्रेसर आणि तो दगा देईल म्हणून शेजारी एक राखीव. खोलीतला थंडावा कमी व्हायला लागला तर राखीव कॉम्प्रेसर सुरू करायचा, हे काम याचा प्रोग्रॅम करायचा. आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीला तोच प्रोग्रॅम हवा होता. पण रक्तपेढीत यंत्रापाशी माणूस बसत नाही. त्यामुळे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा प्रोग्रॅम बरीच वर्षं आपला आपण काम करतोय असं त्या पानावर तपासून लिहिलेलं दिसलं, तरच घेऊ. नवऱ्याचं पुढचं सगळं त्या एका पानावर येऊन थांबलं होतं. त्याने लिहिलं होतं, "कित्येक वर्षं, एकदाही माणसाची गरज न पडता."

जाऊबाईंनी ते वाक्य मोबाइलवर मला वाचून दाखवलं. "एकदाही" या शब्दापाशी थांबल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

त्यांनी आधी ही तपासणी दुसऱ्या कोणाला द्या असं कळवलं होतं, घरचा मामला आहे म्हणून. मग स्वतःच विचार बदलला. म्हणाल्या, दुसरा कोणी गेला तर भावजींच्या गोड बोलण्याला भुलेल. मी तपासते आणि खाली लिहिते की तपासणारी त्यांची सख्खी भावजय आहे, वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

त्याच संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले तर नवरा तिथे पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. आवाज अगदी खाली. "त्या विचारतील तेव्हा चांगलंच सांगा, बाकी काही काढू नका," एवढं मला ऐकू आलं. मी आल्याचं कळताच त्याने फोन ठेवला आणि हवा किती छान सुटलीय म्हणाला. पान हलत नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. या माणसाने मला ते कोल्ड स्टोरेज कधी दाखवलं नव्हतं. मीही कधी दाखव म्हटलं नव्हतं म्हणा, पण आता तेही संशयास्पद वाटायला लागलं. जाऊबाईंना सांगावं की नाही यावर माझी झोप उडाली. सांगितलं नाही. शेवटी नवरा माझा होता.

त्याच्या गाडीत बसायचं नाही या नियमामुळे जाऊबाईंना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. गाडी तीच होती, पण चालवणारी मी, म्हणून त्यांना चाललं. नवरा घरीच थांबला. निघताना त्याने मला विचारलं की पाण्याची बाटली घेतलीस का, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं की तो गोंधळून आत गेला.

कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरने आमचं दारातच स्वागत केलं. प्रोग्रॅम म्हणजे सोनं आहे, म्हणाले. त्यांच्या हाताखालची टायपिस्ट म्हणाली, सोनं आहे. माल उतरवणाऱ्या हमालांनी काम थांबवून सांगितलं की फार छान आहे, आणि ते कशाबद्दल बोलतायत हे त्यांना माहीत नव्हतं हे मलाही दिसत होतं. मॅनेजरने स्क्रीनवर नोंदी काढून दाखवल्या. थंडावा कमी झाला, राखीव सुरू झाला, थंडावा पूर्ववत. पुन्हा तेच, पुन्हा तेच, जितकं मागे जाल तितकं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. जाऊबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"कोणाचीच काही तक्रार नाही?" त्यांनी विचारलं.

"छे, छे," मॅनेजर म्हणाले.

मग त्या उठल्या आणि यंत्रं कुठे आहेत ते दाखवा म्हणाल्या. यंत्रांच्या खोलीत कानठळ्या बसवणारी घरघर होती आणि तेलाचा वास. भिंतीला एक मोठा पॅनेल, त्यावर दिव्यांची रांग, आणि त्याच्यासमोर स्टुलावर एक वयस्कर ऑपरेटर बसलेले. सगळे त्यांना काका म्हणत होते. काका आम्हाला बघून उठले आणि विचारायच्या आधीच म्हणाले, प्रोग्रॅम फार छान आहे.

जाऊबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या पॅनेलकडे बघत होत्या. पॅनेलवर प्रत्येक राखीव कॉम्प्रेसरसाठी हाताने सुरू करायचं एक बटण होतं. बाकी सगळ्या पॅनेलचा रंग नवा, आणि त्या बटणांचा मात्र पार उडून आतलं पत्र्याचं अंग दिसत होतं. स्टुलापुढची फरशीही बटणांपर्यंत पायवाट पडल्यासारखी झिजली होती.

"ही बटणं कोण दाबतं?"

"मी," काका म्हणाले. "दिवा लागला की दाबतो. रात्री दुसरा माणूस असतो, तो दाबतो."

जाऊबाईंनी पेनाचं टोपण काढलं. एकदाही माणसाची गरज न पडता! मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि दोन शब्दांत सांगितलं, इकडे ये.

तो रिक्षाने आला. तोवर माझं मनातल्या मनात त्याला फाशी देऊन झालं होतं. आल्या आल्या मी त्याला बाजूला घेऊन गॅलरीतल्या फोनबद्दल विचारलं. तो आधी लाजला. मग म्हणाला, वहिनी येणार म्हटल्यावर मी घाबरलो गं, इथल्या लोकांना म्हटलं की चांगलं बोला. तुला माहितीय त्या कशा आहेत. वहिनी कोणाच्या कुरकुरीवरून काय ओळखतात हे याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला त्याची कीवही आली आणि डोक्यात एक टप्पल मारावीशीही वाटली.

पण बटणांचं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा खरा होता. त्याने काकांना समजावून सांगितलं. थंडावा कमी झाला की आधी दिवा लागतो. मग प्रोग्रॅम थोडा वेळ थांबतो, कारण कधी कधी दार उघडं राहिल्याने तसं होतं आणि आपोआप ठीक होतं. तरीही थंडावा आला नाही, तर तो स्वतः राखीव कॉम्प्रेसर सुरू करतो. दिवा हा नुसता कळवण्यासाठी. त्यानंतर कोणी काही करायचं नसतं.

"मला वाटलं, दिवा माझ्यासाठी आहे," काका म्हणाले.

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याने सगळं व्यवस्थित लिहून मॅनेजरांना दिलं होतं, मॅनेजरांनी ते व्यवस्थित कपाटात ठेवलं होतं. इतकी वर्षं दिवा लागायचा, काका उठून बटण दाबायचे, आणि प्रोग्रॅम स्वतःची पाळी यायच्या आधीच राखीव सुरू झालेला बघून नोंद करायचा की सुरू झाला. नवरा त्या नोंदी बघून खूश. कोणीच खोटं बोललं नव्हतं, आणि तरी त्या पानावर लिहायला खरं असं काही उरलं नव्हतं. प्रोग्रॅम आपलं आपण काम करतो का, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

काकांना वाटलं आपल्या हातून मोठी चूक झाली आणि आता आपल्यावर येणार. ते एकदम बोलायला लागले. सगळं जाऊबाईंना उद्देशून, कारण लिहीत त्या होत्या. "मी कधी जागा सोडली नाही, बाई. आमची आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा रात्रपाळीवाला आजारी होता. घरून फोनावर फोन. मी गेलो नाही. दिवा लागला आणि मी नसलो तर आतलं औषध वाया जाईल, कोणाच्या तरी लेकराला द्यायचं औषध. गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुम्ही विचारा कोणालाही, मी जागा सोडली नाही."

जाऊबाई लिहायच्या थांबल्या. मग माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, भावजी, आत्ता करून दाखवा.

एक खोली धुण्यासाठी रिकामी केलेली होती, तिचा कॉम्प्रेसर मॅनेजरने बंद केला. काकांनी स्टुलावर बसून राहायचं आणि काहीही झालं तरी उठायचं नाही, असं ठरलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आम्ही सगळे तापमानाच्या काट्याकडे डोळे लावून बसलो. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता.

दिवा लागला. काका अर्धे उठले. जाऊबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते खाली बसले. काटा चढत होता. मला वाटलं, काही होणार नाही. हा प्रोग्रॅम म्हणजे नुसता दिवा लावणारं खेळणं आहे, माझ्या नवऱ्याने त्यापायी नोकरी सोडली आणि त्याला स्वतःलाही पत्ता नाही. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

मग भिंतीपलीकडे खट् झालं आणि राखीव कॉम्प्रेसर घरघरायला लागला.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. मॅनेजरने टाळी वाजवली. जाऊबाईंनी मात्र मॅनेजरला विचारलं, पलीकडच्या खोलीत कोण आहे? कोणी नव्हतं. तरी त्यांनी नवऱ्याचा मोबाइल काढून टेबलावर ठेवायला लावला, मॅनेजरला आपल्या नजरेसमोर उभं केलं, मला पलीकडच्या दारात पहाऱ्याला ठेवलं, आणि सगळं पुन्हा करायला लावलं. मीही डोळ्यात तेल घालून पहारा केला, कारण आता मलाही खात्री हवी होती. पुन्हा खट् झालं. पलीकडे माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मी परत आले तेव्हा नवरा हसत होता, लहान मुलासारखा.

"चालतं," तो म्हणाला. "म्हणजे पहिल्यापासून चालतच होतं, वहिनी. यात मी तेव्हापासून काहीच बदललेलं नाही, ते तुम्हाला दाखवतो. नुसती त्याला पाळी मिळाली नव्हती. माझी हकीकत काही अगदीच चुकीची नाही."

ते बरोबर होतं. मला तर वाटलं, आता लिहितील. रक्तपेढीला काय हवं होतं? वर्षं. आणि ती वर्षं आता त्याच्या हातात होती.

काका स्टुलावरून उठले नव्हते. हात अजून मांड्यांखालीच होते.

"म्हणजे मी तेव्हा गेलो असतो, तरी चाललं असतं?" त्यांनी विचारलं.

घरघर चालूच होती. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"आज चाललं," जाऊबाई म्हणाल्या. "आज मी पाहिलं. तेव्हाचं मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी म्हणत नाही. तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत."

काकांनी त्यांचं ऐकलं, पण त्यांची नजर माझ्या नवऱ्यावर होती. "साहेब, तुम्ही सांगा. हे तुम्हीच केलंय ना."

माझ्या नवऱ्याला आपल्या कामाचा किती अभिमान आहे ते मला माहीत आहे. जेवताना मीठ कमी पडलं तर तो गप्प बसतो, पण त्याच्या प्रोग्रॅमला कोणी काही म्हटलं तर भांडायला उठतो. त्या क्षणी मला भीती वाटली की हा हो म्हणणार. खरं तेच होतं आणि त्याच्या फायद्याचंही तेच होतं. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"नाही सांगता येत, काका," तो म्हणाला. "तेव्हा मी काही तपासलंच नव्हतं. नुसतं बसवून निघून गेलो होतो. कदाचित चाललं नसतंही."

काकांनी हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "मग थांबलो ते बरंच झालं," ते म्हणाले आणि राखीव कॉम्प्रेसर बंद करायला उठले. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि बटणापाशी ते लागायला हवा त्यापेक्षा बराच जास्त वेळ उभे राहिले. मला रडू आलं, मी पदराने डोळे पुसले.

जाऊबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी त्या बघतात तसं नव्हे.

"भावजी, आपला आपण चालतोय ते कधीपासून लिहू?"

"आजपासून," तो म्हणाला.

त्यांनी आजची तारीख घातली.